नव्वदला गेली की गाडी थरथरते!

मुलांनो, या वेळी आपल्या सदराला एक झकास पत्र आलंय. पाठवणारी मैत्रीण सहावीत शिकते आणि आपल्या राहुरी तालुक्यातच राहते. ती लिहिते :

"बाई, आमची गाडी गावात, शेतात, राहुरीच्या बाजारात एकदम नीट चालते. नगरला जाऊन आलो तरी काही नाही. पण गेल्या महिन्यात आम्ही शिर्डीच्या पुढं समृद्धी महामार्गावर गेलो. काटा नव्वदवर गेला आणि बाबांच्या हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागलं! वेग कमी केला, थरथर बंद. पुन्हा वाढवला, पुन्हा सुरू. घरी आल्यावर आजी म्हणाली, गाडीला दृष्ट लागली. आजोबा म्हणाले, इंजिन कामातून गेलं. काका म्हणाले, विकून मोकळे व्हा. बाबा म्हणाले, चारही टायर बदलू. आई म्हणाली, आधी कारण तर कळू द्या! दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला नागपूरला मावशीकडं जायचंय. आता तुम्हीच सांगा, कुणाचं खरं?"

आईचं खरं! अगदी शंभर टक्के. कारण बाकी सगळ्यांनी उत्तर दिलंय, पण प्रश्न कुणीच विचारला नाही. डॉक्टरकडं गेल्यावर डॉक्टर काय करतात? "कधीपासून दुखतंय? कुठं दुखतंय? जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी?" असे प्रश्न आधी, औषध नंतर. गाडीचंही तसंच आहे. ती बोलत नाही, पण थरथरून सांगते. आपल्याला ऐकता आलं पाहिजे.

चला तर, आज आपण गाडीचे डॉक्टर होऊ या. आईबाबांनाही हे पान वाचायला द्या, कारण गाडी तेच चालवणार आहेत.

गावात नाही, तिथंच का?

पहिली गंमत ही, की हा आजार आपल्या रोजच्या रस्त्यावर दिसतच नाही. नगर-मनमाड रस्त्यावर काय असतं? उसाच्या ट्रॉल्या, गावं, चौक, गतिरोधक. वेग पन्नास-साठच्या वर फार वेळ राहतच नाही. शिवाय रस्ताच इतके धक्के देतो, की चाकाचा बारीकसा धक्का त्यात हरवून जातो. बाजारात कुणी हळू आवाजात बोललं तर ऐकू येतं का? तसंच.

समृद्धी महामार्गाचं वेगळं आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा सुरू होऊन मुंबईकडचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यात तो कोपरगाव तालुक्यातून जातो. सरळ, सपाट, सिमेंटचा रस्ता. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी. म्हणजे इतकी वर्षं ज्या गाड्या साठच्या पुढं फारशा गेल्याच नव्हत्या, त्या एकदम शंभरला धावू लागल्या. आणि चाकांचे लपलेले आजार बाहेर पडले!

हे नुसतं त्रासाचं काम नाही बरं का. रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. मग २०२३ मध्ये परिवहन खात्यानं या महामार्गावर जाणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. तेव्हा थरथर म्हणजे गाडीनं वेळेवर मारलेली हाक आहे, असं समजा.

गोफण फिरवून पाहा

आता कारणाकडं वळू. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवतात, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. गोफणीतला दगड हळू फिरवला तर हाताला थोडीशी ओढ लागते. जोरात फिरवला की हात खेचला जातो. दगड तोच, दोरी तीच, मग ओढ का वाढली? वेगामुळं. आणि ती कशी वाढते पाहा : वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते!

आता गाडीच्या चाकाकडं पाहा. लहान मोटारीचं टायरसकट चाक बारा-पंधरा किलोंचं असतं. ते सगळीकडून अगदी सारख्या वजनाचं असेल तर छान गरगर फिरतं. पण समजा, रिमच्या एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त झालं. ३० ग्रॅम म्हणजे किती? पाच रुपयांची चार-पाच नाणी. एवढ्यानं काय होणार, असं वाटतं ना?

मग करा हिशेब. चाकाचा घेर १.८ मीटर धरू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. २८ ला १.८ नं भागा. उत्तर पंधराच्या वर येतं. म्हणजे तुम्ही "एक" म्हणेपर्यंत चाकाच्या पंधरा फेऱ्या होतात! आणि ती ३० ग्रॅमची नाणी गोफणीतल्या दगडासारखी चाकाला बाहेर ओढतात. ती ओढ किती, याचा हिशेब मी करून ठेवलाय :

ताशी २५ किलोमीटरला – सुमारे ३०० ग्रॅम
ताशी ५० किलोमीटरला – सुमारे सव्वा किलो
ताशी १०० किलोमीटरला – सुमारे पाच किलो

पाहिलंत? वेग दुप्पट, ओढ चौपट. शंभरच्या वेगाला जणू कुणीतरी पाच किलोंची पिशवी चाकाला अडकवून सेकंदाला पंधरा वेळा वर-खाली, पुढं-मागं हिसके देतंय. पुढच्या चाकांचे हिसके जोडदांड्यांतून स्टेअरिंगपर्यंत जातात. थरथरतंय ते हेच.

आपल्या मैत्रिणीला शिर्डीहून नागपूरला जायचंय. ५२० किलोमीटरमध्ये प्रत्येक चाकाच्या जवळजवळ दोन लाख नव्वद हजार फेऱ्या होणार. आणि प्रत्येक फेरीला एक हिसका! बेअरिंगचं, टायरचं आणि चालवणाऱ्याच्या हातांचं काय होईल, ते तुम्हीच सांगा.

नागपंचमीचा झोका

पण मग चलाख मुलं विचारतील, "बाई, ओढ तर वेगाबरोबर वाढतच जाते. मग काही गाड्या नव्वदला थरथरतात आणि एकशे दहाला पुन्हा शांत होतात, ते कसं?"

शाब्बास! यासाठी नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत कुणी हळूच जरी ढकललं तरी झोका आभाळाला टेकतो. लय सोडून ढकललं, तर कितीही जोर लावा, झोका अडखळतो.

गाडीचं चाकही एका परीनं झोक्यावरच आहे. खाली हवेनं भरलेला टायर, वर स्प्रिंग. या सगळ्यांची मिळून एक लय असते. बहुतेक मोटारींत ती सेकंदाला साधारण दहा ते पंधरा हेलकाव्यांची असते. आता आठवा, आपलं चाक ८० च्या वेगाला सेकंदाला बारा, ९० ला चौदा आणि १०० ला पंधरा फेऱ्या घेतं. म्हणजे या वेगांना चाकाचे हिसके नेमके झोक्याच्या लयीत पडतात! म्हणूनच थरथर साधारण ८० ते ११० च्या पट्ट्यात सगळ्यात जास्त असते. वेग आणखी वाढला की लय चुकते आणि थरथर कमी झाल्यासारखी वाटते.

इथं एक धोका आहे, नीट लक्षात ठेवा. काही मोठी माणसं म्हणतात, "नव्वदला थरथरते ना? मग एकशे वीसला पळव, जाते आपोआप!" थरथर जाते, पण ओढ जात नाही. उलट १२० ला ती ३० ग्रॅमची नाणी सात किलोंनी ओढत असतात. ताप उतरायच्या ऐवजी थर्मामीटर फेकून द्यावा, तसलाच हा उपाय!

गाडीला विचारायचे पाच प्रश्न

आता आपल्या मैत्रिणीकडं वळू. मी तिला उत्तर न लिहिता पाच प्रश्न लिहून पाठवले. बाबा गाडी चालवतील, आई शेजारी बसून वेगाचा काटा पाहील, आणि तू मागच्या सीटवर पट्टा लावून वहीत लिहायचंस, असं तिला बजावलं. गाडी चालवणाऱ्यानं वहीकडं बघायचं नाही!

पहिला प्रश्न : थरथर कोणत्या वेगाला सुरू होते? फक्त ८०-९० च्या पुढं होत असेल तर संशय चाकाच्या वजनावर, म्हणजे बॅलन्सिंगवर. पण तीस-चाळीसलाच गाडी डुलत असेल तर टायर वेडावाकडा झालाय किंवा रिम वाकलीय का, ते आधी पाहायचं.

दुसरा प्रश्न : थरथर कुठं लागते? स्टेअरिंगला लागत असेल तर बहुधा पुढची चाकं. स्टेअरिंग शांत पण सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर बहुधा मागची.

तिसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावरच होते का? तसं असेल तर चाकाला दोष देऊ नका, ब्रेकची डिस्क तपासा. डिस्क सगळीकडून सारखी राहिली नसेल तर ब्रेक लावताना असे हादरे बसतात.

चौथा प्रश्न : वेग तोच ठेवून गिअर बदलला तर काय होतं? गिअर बदलला की इंजिनाचे फेरे कमीजास्त होतात, चाकाचे मात्र तेवढेच राहतात. थरथर बदलली तर इंजिनाकडं बोट. थरथर होती तशीच राहिली तर इंजिन निर्दोष! आणि फक्त ॲक्सिलेटर जोरात दाबल्यावर थरथरत असेल, तर चाकाला जोर पोचवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट पाहायचा.

पाचवा प्रश्न : सुरू कधी झालं, आणि त्याच्या आधी गाडीचं काय काय झालं? हा प्रश्न सगळ्यात साधा, पण पुष्कळदा चोर इथंच सापडतो.

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था मोटारींच्या चाचण्या घेते. आपल्या नगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. अशा ठिकाणी थरथर मोजायला नाजूक यंत्रं असतात. पण ती यंत्रंसुद्धा शेवटी हेच विचारतात : किती, कुठं, कधी? आपल्या वहीला कमी समजू नका.

वहीतली उत्तरं

आठवड्यात तिचं उत्तर आलं. वही कशी सुंदर लिहिली होती! थरथर ८५ ला सुरू, ९५ ला सगळ्यात जास्त. फक्त स्टेअरिंगला. ब्रेकनं काही फरक नाही. गिअर बदलून काही फरक नाही. आणि पाचव्या उत्तरात तिनं लिहिलं होतं : "श्रावणात पुढचं डावं चाक पंक्चर झालं होतं. आणि पाऊस झाल्यावर गाडी दोनदा शेतातल्या चिखलातून गेली."

बघा मुलांनो, एका कागदावर आजोबांचं इंजिन सुटलं, ब्रेक सुटला, मागची चाकं सुटली. राहिली फक्त पुढची दोन चाकं. एकही पैसा न खर्चता!

आता पुढं काय करायचं? इथं एक नियम पाळायचा, आणि तो गाडीपुरताच नाही : एका वेळी एकच बदल करायचा, आणि दर वेळी करून पाहायचं. समजा, बाबांनी एकदम चारही टायर बदलले असते. नवे टायर बसवताना चाकं धुतली गेली असती, बॅलन्सिंगही झालं असतं. थरथर गेली असती, आणि सगळे म्हणाले असते, "टायरच खराब होते!" खरं कारण कधी कळलंच नसतं. पोट दुखलं म्हणून पाच औषधं एकदम घेतली, तर बरं कशानं वाटलं ते कसं कळणार?

म्हणून आधी फुकटची तपासणी, मग स्वस्तातली, आणि महागाची सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी : धुणं. गाडी घराच्या अंगणात उभी असताना बाबांनी बॅटरीच्या उजेडात चाकाच्या आतल्या बाजूला पाहिलं. डाव्या रिमच्या आत तळहाताएवढं काळ्या मातीचं ढेकूळ वाळून चिकटलं होतं! आपली काळी माती किती चिकट असते, तुम्हाला सांगायला नको. पायाला लागली तर चप्पल सोडत नाही, मग रिमला कशी सोडेल? बाहेरून गाडी लख्ख पुसलेली होती, आत कुणी पाहिलंच नव्हतं. माती धुऊन काढली, टायर थंड असताना हवा बरोबर भरली, चाकाचे नट पान्यानं घट्ट आहेत ना तेही पाहिलं. पुन्हा गाडी नेली. थरथर निम्म्यानं कमी, पण पूर्ण गेली नाही.

म्हणजे चोर एकटा नव्हता.

दुसरी पायरी : बॅलन्सिंग. रिमच्या कडेला शिशाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे लावलेले असतात, ते तुम्ही पाहिलेत का? ते शोभेचे नाहीत. चाकाची जी बाजू हलकी असेल, तिथं ते लावतात. डाव्या रिमवर बाबांना एका जागी तेवढाच चौकोनी स्वच्छ डाग दिसला. तिथलं वजन कधीतरी पडून गेलं होतं. पंक्चरच्या वेळी टायर काढून पुन्हा बसवलेला, आणि त्यानंतर बॅलन्सिंग केलेलंच नव्हतं.

मग गाडी बॅलन्सिंगच्या दुकानात गेली. तिथं चाक यंत्रावर चढवून गरगर फिरवतात, आणि यंत्रावर दोन आकडे दिसतात. एक रिमच्या आतल्या कडेचा, एक बाहेरच्या कडेचा. दोन का? कारण चाक भाकरीसारखं चपटं नसतं, ढोलकीसारखं रुंद असतं. ढोलकीच्या एका तोंडाला वरच्या बाजूनं आणि दुसऱ्या तोंडाला खालच्या बाजूनं थोडी माती चिकटवली, तर ती स्थिर असताना समतोल दिसते. फिरवली की मात्र डुलायला लागते. म्हणून दोन्ही कडांना वेगवेगळं वजन लावावं लागतं. कारागिरानं तुकडे ठोकले, पुन्हा फिरवलं आणि दोन्हीकडं शून्य आलं.

आणि मग सापडला खरा वैरी

गोष्ट इथं संपली असती. पण उजवं चाक यंत्रावर चढवताना त्या कारागिरानं सवयीनं टायरच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवला आणि तो थांबला. तिथं लिंबाएवढा फुगा आला होता!

टायरच्या बाजूच्या रबरात बळकट धाग्यांचे थर असतात. गाडी जोरात खड्ड्याच्या कडेवर आपटली की आतले धागे तुटतात. मग त्या जागी हवेला अडवायला नुसतं रबर उरतं, आणि ते फुग्यासारखं बाहेर येतं. वेग वाढला की टायर तापतो, ताण वाढतो, आणि हा फुगा कधी फुटेल याचा भरवसा नसतो. याला पंक्चरसारखं ठिगळ लागत नाही. टायर बदलणं हा एकच उपाय. बाबांनी तो टायर त्याच मिनिटाला काढायला लावला, स्टेपनी चढवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मापाचा नवा टायर घेतला. चार नाही, एक!

आता विचार करा. इंजिन उघडलं असतं तर फुगा तसाच राहिला असता. एकशे वीसला पळवून थरथर घालवली असती तर फुगा सोबत घेऊनच नागपूरला निघाले असते. आणि काकांचं ऐकून गाडी विकली असती तर? फुगा दुसऱ्याच कुणाच्या मुलाबाळांच्या वाट्याला गेला असता. कारण शोधणं म्हणजे नुसती हुशारी नाही. ती आपल्या माणसांची आणि परक्या माणसांचीही काळजी आहे.

पत्राच्या शेवटी मैत्रीण लिहिते, "आता ८०, ९०, १०० सगळ्या वेगांना स्टेअरिंग एकदम शांत. तरी आजीनं लिंबू-मिरची बांधलीच!" बांधू द्या की. आजीची माया आहे ती. फक्त रिमला बांधू नका म्हणावं, नाहीतर पुन्हा बॅलन्सिंग करावं लागेल!

घरी करून पाहा

तुमच्याकडं मोटार नसली तरी सायकल असेल. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि सायकल सीटवर उलटी उभी करा. पुढचं चाक हलकेच फिरवून आपोआप थांबू द्या. थांबल्यावर सगळ्यात खाली आलेल्या जागेवर खडूनं खूण करा. पुन्हा फिरवा. तीच खूण पुन्हा पुन्हा खाली येते का? येत असेल तर ती बाजू जड आहे. सायकलीत बहुधा हवा भरायच्या नळीची बाजू जड निघते. आता बरोबर समोरच्या बाजूला, आरीच्या टोकाशी ओल्या मातीची गोळी चिकटवा. थोडी कमी, थोडी जास्त करत राहा. चाक कुठंही थांबायला लागलं की समजा, बॅलन्सिंग झालं! मात्र फिरत्या चाकाच्या आऱ्यांत बोट घालायचं नाही, आणि माती लावलेलं चाक जोरात फिरवायचं नाही, नाहीतर गोळी थेट आजोबांच्या पेपरवर!

आणखी एक गंमत. मोटारीच्या टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. समजा, २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. घरच्या गाडीच्या टायरचं वय काढून बाबांना सांगा. आणि टायरच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, ते पाहा. वरचं रबर झिजून त्या उंचवट्यांना टेकलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, की टायरची निवृत्ती!

आईबाबांसाठी चार ओळी

लांबच्या प्रवासाआधी चाकाच्या आत-बाहेर नजर टाका. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तो नव्हे. टायर काढून पुन्हा बसवला की बॅलन्सिंग करून घ्या. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेनंच झिजत असेल तर अलाइनमेंट पाहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. आणि धावत्या गाडीत अचानक जोराची थरथर सुरू झाली तर करकचून ब्रेक मारू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलेटरवरचा पाय हळूहळू काढा, आणि रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा.

आता तुमच्यासाठी कोडं

एका गाडीचं स्टेअरिंग नव्वदला थरथरत होतं. चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, दोन्हीकडं शून्य आलं, तरी थरथर तशीच! मग कारागिरानं एकच बदल केला. पुढची दोन चाकं मागं लावली आणि मागची पुढं. आता स्टेअरिंग शांत झालं, पण मागची सीट थरथरू लागली. सांगा पाहू, दोष स्टेअरिंगच्या सांध्यांत आहे की त्या दोन चाकांपैकी एखाद्यात? आणि बॅलन्सिंग शून्य असूनही ते चाक हिसके का देत असेल?

नुसतं उत्तर नको, तसं का वाटतं तेही लिहा. चांगली कारणं पुढच्या अंकात छापू.

तुमच्या,
बाई